न चरलेलं गवत

त्या वर्षी आमच्याकडे, गोबी वाळवंटाच्या कडेला, पाऊस नावालाच आला. गवत बोटभर उगवलं आणि उभ्याउभ्या करपून गेलं. हिवाळा तिथेच काढला असता तर वसंतात नुसती हाडं गोळा करायची वेळ आली असती. म्हणून आम्ही गेर, म्हणजे आमचं गोल तंबूघर, उतरवलं, त्याचे लोकरीचे जाड नमदे आणि काठ्या छोट्या ट्रकवर रचल्या आणि कळप घेऊन उत्तरेची वाट धरली. ट्रक मी चालवायची. शेजारी माझी सासू पगमा, मांडीवर देवांची पेटी घेऊन. नवरा योंदोन घोड्यावर, मेंढ्या-शेळ्यांच्या मागे.

चाऱ्यासाठी परमुलखात हिंडणाऱ्याचं तोंड कुणाला बघवत नाही. चहाला कुणी नाही म्हणत नाही, तो वैऱ्यालाही मिळतो. पण वाटी हातात देता देता विचारायचे, "मग, पुढे कधी निघणार?" एकाने आमच्या कळपाला लाळ्या-खुरकूत झालाय अशी आवई उठवून दिली. दुसऱ्याने वाटेत मोटरसायकल आडवी लावली आणि तिला टेकून सिगारेट ओढत बसला. एका बाईने माझ्या ओंजळीत वाळलेल्या दह्याच्या वड्या भरभरून ओतल्या आणि म्हणाली, "दिवस मावळायच्या आत तो डोंगर ओलांडा हं, पोरी." मला राग येत नव्हता. आमच्या दारी असं कुणी आलं असतं तर मीही हेच केलं असतं.

शगदार भेटला तो खिंडीत. वाटेच्या देवासाठी रचलेल्या दगडांच्या राशीला फेऱ्या घालून आम्ही कळप मागून यायची वाट बघत होतो. हा पिवळसर घोड्यावर बसून आमच्याकडे टक लावून होता. म्हातारा, वाळका, डोळे मात्र लखलखीत. योंदोन वर आला तसा त्याने खाली उतरून तपकिरीची कुपी पुढे केली, ख्यालीखुशाली विचारली, रीतीप्रमाणे सगळं झालं. पण ज्याला जागा हवी त्याच्या कळपाकडे माणूस आधी बघतो. हा बघत होता माझ्याकडे.

"पोरी, कुठल्या सालातली तू?"

"माकडाच्या." आमच्याकडे वय बारा जनावरांच्या नावाच्या सालांवरून सांगतात.

"म्हणजे एका सालाने मोठी," तो स्वतःशीच म्हणाला. मग घोड्याच्या आयाळीवरून हात फिरवत म्हणाला, "चालेल."

"काय चालेल?" ट्रकमधून पगमा ओरडली. तिचे कान सशाचे.

"जागा आहे, आई. माझं हिवाळी ठाणं. दक्षिणतोंडी आहे, पाठीला कडा आहे, वारा लागत नाही. मेंढ्यांना दगडी वाडगं आहे. वसंतापर्यंत राहा."

योंदोनचं तोंड उघडंच राहिलं. "काका, आणि द्यायचं काय आम्ही?"

"काही नको."

"काहीच नको?"

"कुणी विचारलं तर सांगा, शगदारने बसवलंय. जास्त बोलत बसू नका." आणि घोड्याला टाच मारून तो पुढे निघाला.

पगमा माझ्या कानाशी आली. "फुकट जागा देतो, आणि बोलू नका म्हणतो. गाडी फिरव."

"कुठे फिरवू, आई? मागे कोण बोलावतंय आपल्याला?"

पेटी छातीशी घट्ट धरून ती तोंडाने मंत्र पुटपुटत राहिली.

ठाणं बघितलं आणि मलाच गाडी फिरवावीशी वाटली. जागा वाईट होती म्हणून नव्हे. वाडग्याच्या भिंती शाबूत, वर लाकडी छप्पर, खाली कडा वळला तिथे झरा. आणि गवत! घोट्याला नव्हे, गुडघ्याला लागणारं, पिकून पिवळं झालेलं, वाऱ्यावर डुलणारं. आमच्या मेंढ्या त्यात तोंड खुपसून अशा गप्प झाल्या की कळप आहे की नाही कळेना. पण वाडग्यातला लेंड्यांचा थर जुना होता, कोरडा, पायाखाली भुगा होणारा. बऱ्याच हिवाळ्यांत तिथे जनावर बसलं नव्हतं. साऱ्या मुलखात गवताच्या काडीवरून माणसं भांडताहेत, आणि इथे हे असं पडून?

"फाशीचा रोग," पगमा म्हणाली. "त्याने मेलेली जनावरं इथेच पुरली असणार. ही माती विषारी आहे. नाहीतर गवतात विषारी पाला असेल. नाहीतर इथे कुणी मेलंय."

"आई, तीनही एकदम असतील का?" योंदोन हसला.

"हस. मेंढ्या आडव्या झाल्या की मी हसेन."

तिने कळपातली सर्वांत म्हातारी शेळी धरली, वाडग्याशी बांधली आणि भरपूर गवत कापून तिच्यापुढे टाकलं. बाकीचा कळप केव्हाच पोट भरून बसला होता हे तिच्या गावी नव्हतं. सकाळी शेळी मेली नाही. उलट दोर तोडून गेरमध्ये शिरली आणि भांड्यातलं दही फस्त करून बसली. पगमाने तिला बाहेर हाकललं, पण समाधान काही झालं नाही. "रोग हळूहळू चढतो," ती म्हणाली.

शगदारचं स्वतःचं गेर खाली, झऱ्याच्या वळणावर होतं. एकटाच राहायचा. मेंढ्या नाहीत, शेळ्या नाहीत, फक्त थोडे घोडे. रोज वर यायचा. "कुत्रं धरा!" म्हणून रीतीप्रमाणे लांबूनच हाळी द्यायचा, आत येऊन पाहुण्यांच्या डाव्या अंगाला टेकायचा, खारट चहाची वाटी दोन्ही हातांनी घ्यायचा आणि बघत राहायचा. मी पीठ मळलं की बघायचा. मी चुलीत वाळकं शेण सारलं की बघायचा. कधी म्हणायचा, "उजव्या हाताची आहेस वाटतं." कधी, "चालताना मान खाली घालून चालतेस तू. इकडे सरळ चालतात."

मग एके दिवशी त्याने एक गाठोडं आणलं. आत बाईमाणसाचा डेल होता, पायघोळ अंगरखा, गडद निळा, आतून कोकराच्या कातड्याचं अस्तर. हातचं शिवण, टाका न् टाका सारखा.

"घाल. इकडची थंडी वेगळी असते."

"काका, हा कुणाचा?"

"पेटीत पडून होता." आणि चहा अर्धा टाकून उठला.

मी घातला. बाह्या किंचित आखूड, बाकी जणू मापाचाच. ऊब अशी की काढावासा वाटेना. पगमा माझ्याभोवती फिरून आली, कापड चिमटीत धरून बघितलं, वास घेतला.

"म्हाताऱ्याचा तुझ्यावर डोळा आहे."

"आई, काहीतरीच काय! बापाच्या वयाचा माणूस."

"बापाच्या वयाच्यांना डोळे नसतात का?" मग तिने आवाज खाली आणला. "आणि हा मेलेलीचा असला तर? मेलेल्या बाईचं वस्त्र कुणी जिवंत बाईला देतं का?"

योंदोन त्या वेळी हसला. पण त्या दिवसापासून शगदार आला की तोही काहीतरी निमित्त काढून गेरमध्येच घुटमळायला लागला. लगाम दुरुस्त कर, चाकूला धार लाव. म्हातारा मला बघायचा आणि माझा नवरा म्हाताऱ्याला. मधे मी, हातात चहाची पळी घेऊन.

पहिलं हिम पडून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. पाठीवर टोपली घेऊन मी उतारावर शेण वेचत होते. अंगात तोच निळा डेल. लांब टेकडावर एक मोटरसायकल येऊन थांबली. पुढे काळा चष्मा लावलेला धिप्पाड माणूस, मागे एक बाई. बाई उतरली, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "नोर्जमा! ए नोर्जमा! बरं वाटतंय का आता?"

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"जवळ येत नाही गं! पडून राहा, बाहेर हिंडू नकोस!" बाई पुन्हा ओरडली आणि हात हलवू लागली. मी काय करावं? माझाही हात वर गेला. काळ्या चष्म्याचा माणूस बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग गाडी वळवून दोघं गेली.

घरी येऊन सांगितलं तर पगमाच्या हातातली माळ थांबली. "दुसऱ्या नावाने हाक मारली? तू ओ दिलीस?"

"नाही."

"मग?"

"हात हलवला."

"झालं! म्हणजे ओ दिलीच की. आता ती जी कुणी आहे तिचं जे काही आहे ते तुझ्या मागे लागणार." ती उठली, कंबरपट्टा आवळला. "चल. त्या म्हाताऱ्याच्या घरी आज मी चहा पिणार."

शगदारच्या गेरमध्ये मी पहिल्यांदाच गेले. आत सगळं जागच्या जागी, पण बाई नसलेल्या घरासारखं थंड. समोरच्या रंगीत पेटीवर काचेच्या चौकटीत फोटो होते. एक बाई, मोठ्या चेहऱ्याची, तीच बायको असणार. आणि केसांना पांढरी फुलं बांधलेली शाळकरी पोरगी, दात विचकून हसणारी. माझ्यात आणि तिच्यात नाकाचंसुद्धा साम्य नव्हतं.

"ही नोर्जमा?" पगमाने विचारलं.

म्हाताऱ्याने चहाची किटली खाली ठेवली. नाकारलं नाही. त्याने सांगितलं ते असं. ही त्याची एकुलती मुलगी. कोरियाला कामाला गेली ती परत आली नाही. बायको गेली, एकट्याला मेंढ्या झेपेनात, विकून टाकल्या. ठाणं रिकामं पडलं. आता खोऱ्यात गंझोरिग नावाचा माणूस आलाय, शहरातल्या कुठल्याशा श्रीमंताचा प्रचंड कळप राखतो. त्याने कचेरीत जाऊन सांगितलं, शगदारचं ठाणं कुणी वापरत नाही, ते आम्हाला द्या.

"म्हणून मी सांगून टाकलं की माझी पोरगी आलीय. नवरा, सासू, कळप सगळं घेऊन. आजारी आहे, कुणाला भेटत नाही. कचेरीतला प्रमुख बघायला येईल, तेव्हा तू फक्त मान हलव, पोरी. एवढंच. बोलू नकोस काही."

"आम्हाला न विचारता?" माझा आवाज चढला.

"विचारलं असतं तर थांबला असतात का?"

पगमा त्याच्याकडे रोखून बघत होती. "पोरीचा फोन येतो?"

"येतो की."

"कधी आला होता?"

"येतो म्हटलं ना, आई!" तो एकदम तडकला आणि चुलीकडे वळला.

परत येताना पगमा हिमातून माझ्या पुढे चालत होती. वळून न बघता म्हणाली, "पोरगी कोरियात आहे की मातीत, कोण जाणे." मी डेलचा गळा सैल केला. तो काढून ठेवला तर थंडी वाजते, घातला तर ही वाक्यं आठवतात. शेवटी थंडी जिंकायची.

योंदोनला सगळं सांगितलं. तो भडकेल, निघू म्हणेल, असं मला वाटलं होतं. तो फक्त "हं" म्हणाला आणि जेवणातली हाडं चोखत राहिला. हे मला जास्त खटकलं.

दुसऱ्या दिवशी तो भरकटलेला घोडा शोधायला म्हणून गेला आणि परत आला तेव्हा खोगिरामागे चाऱ्याचे भारे बांधलेले होते. हिरवट, सुवासिक, नदीकाठचं कापलेलं गवत. आमच्याकडे असं गवत नव्हतं. शगदारकडेही नव्हतं.

"हे कुठलं?"

"मिळालं."

"योंदोन, गवत वाटेत पडलेलं मिळत नाही."

तो घोड्याचा पट्टा सोडत राहिला. "एकाने दिलं. चांगला माणूस आहे. आपल्यासारखाच राबणारा."

"काळा चष्मा लावतो का?"

पट्टा खांद्यावर टाकत तो म्हणाला, "तो म्हणतो, प्रमुखासमोर फक्त खरं सांगा. मी शगदारचा जावई नाही, तू त्याची लेक नाहीस. खरंच आहे ना ते? आणि तसं सांगितलं तर इथेच राहू देईन म्हणतो, वर चारा देईन. खोटं बोलून बसण्यापेक्षा खरं बोलून बसलेलं काय वाईट?"

"म्हणजे तू हो म्हणालास."

"हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शगदार आला की भाऱ्यांकडे बघायचा, पण विचारायचा नाही. योंदोन त्याच्या नजरेला नजर द्यायचा नाही. पगमाला दोघांवरही विश्वास नव्हता आणि आता माझ्यावरही उरला नसावा, कारण मी कुठे निघाले की "कुठे चाललीस?" म्हणून विचारायची. मीही योंदोन घोड्यावर बसला की तो कुठल्या दिशेला वळतो हे दारातून बघत राहायची. एवढं मोकळं रान सभोवार, आणि आम्ही एकमेकांच्या पाळतीवर.

प्रमुख आला तो लख्ख उन्हाच्या, कडक थंडीच्या दिवशी. चोइजिल त्याचं नाव, माझ्याच वयाचा, गोल टोपी, गाल थंडीने लाल. त्याच्याबरोबर गंझोरिग आणि ती मोटरसायकलवरची बाई. तिचं नाव देजिद, शेजारच्या दरीत राहायची. शगदार आधीच येऊन बसला होता. नवा डेल, नवा रेशमी पट्टा, दाढी केलेली.

मी सगळ्यांना चहा दिला. तळलेल्या पिठाच्या वड्यांची थाळी मांडली. चोइजिल हवापाण्याचं बोलला, हिम किती पडेल ते बोलला, मेंढ्या कशा आहेत ते विचारलं. घाई कुणालाच नव्हती. गंझोरिगने गेरमध्येही चष्मा काढला नव्हता.

मग चोइजिलने वाटी खाली ठेवली. "वाडगं बघितलं मी. जनावरं बसताहेत, छान. शगदारकाका म्हणतात, त्यांची नोर्जमा परत आली." तो माझ्याकडे वळला. "तूच ना?"

मान हलवायची होती, एवढंच. शगदार माझ्याकडे बघत होता, तसं मला कधी कुणी बघितलं नव्हतं. बाजूला योंदोन. गंझोरिगच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू. देजिद आपल्या बोटांकडे बघत होती. मी आधीपासून काही ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. तोंड उघडलं आणि ते आलं.

"माझं नाव खोर्लो. आम्ही गोबीकडचे. ही माझी सासू, हा माझा नवरा. शगदारकाकांनी आम्हाला इथे बसवलं."

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

गंझोरिग मांडीवर थाप मारून म्हणाला, "ऐकलंत, साहेब? मी काय सांगत होतो? सगळं नाटक!"

चोइजिलने थाळीतली वडी उचलली, चहात बुडवली. "नाटक कसलं? मला का माहीत नव्हतं? नोर्जमा आणि मी शाळेच्या वसतिगृहात एका टेबलावर जेवलोय. माझ्या ताटातलं मांस पळवायची ती." वडी खाऊन त्याने बोटं पुसली. "मी बघायला आलोय ठाणं वापरात आहे का. आहे. कुणी बसवलं? ज्याचं आहे त्याने. दुष्काळातल्या माणसांना जागा दिली, यात मला काही वावगं दिसत नाही. तुझा कळप नदीपलीकडे राहील, गंझोरिग, जिथे आहे तिथे."

गंझोरिगचा चेहरा उतरला. पण तो बघायला मला सवड नव्हती. शगदार उठला होता. समोरची वाटी भरलेलीच होती, ओठही लावले नव्हते. तसाच बाहेर गेला.

"साहेब, तुम्हाला ठाऊक होतं तर त्यांना बोलला का नाहीत?" मी विचारलं.

उत्तर देजिदने दिलं. "काय बोलायचं? किती वर्षं हा माणूस कुणाच्या घरात येऊन बसला नव्हता. शरदात एकदम घोडा दौडवत आला, पोरगी आली म्हणाला. तोंडावरून दिसत होतं, थापा मारतोय. पण बसला, मांस खाल्लं, घोड्यांचं बोलला. मग कोण म्हणेल खोटं बोलतोस म्हणून? त्या दिवशी मी नोर्जमा म्हणून ओरडले, ते या चष्मेवाल्याने मला ओळख पटवायला गाडीवर बसवून आणलं होतं म्हणून."

म्हणजे सबंध खोऱ्याला माहीत होतं. खोऱ्याला माहीत आहे हे फक्त आम्हालाच ठाऊक नव्हतं.

मी शगदारच्या मागे धावले. तो उतारावर घोड्याचा लगाम सोडवत होता, बोटांना गाठ सुटत नव्हती.

"किती भारे दिले गंझोरिगने?" वर न बघता त्याने विचारलं.

"दिले. माझ्या नवऱ्याने घेतले. पण मी त्यासाठी बोलले नाही, काका."

"मग कशासाठी?"

"तुमची पोर जिवंत आहे. तिचं नाव मी कशाला अंगावर घेऊ?"

त्याचे हात थांबले. "जिवंत आहे म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"हो," तो म्हणाला. "मीच." आणि घोड्यावर बसून खाली गेला.

नंतर पुष्कळ दिवस तो वर आला नाही. मी दूध पाठवायची, भांडं रिकामं आणि धुतलेलं परत यायचं. योंदोनने उरलेले भारे गंझोरिगला परत नेऊन टाकले. "एक भारा तर त्या शेळीने खाल्ला होता," तो आल्यावर म्हणाला, "त्याच्या बदल्यात माझा चांगला चाबूक ठेवून घेतला त्याने." मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या शेजारी बसून मी जेवले. पगमाच्या डोक्यातून मात्र एकच गोष्ट जाईना. झऱ्यावर जाताना ती वाट सोडून आजूबाजूला बघायची, दगडांचा ढीग दिसला की थांबायची.

"काय शोधता, आई?"

"काही नाही. कुठे पुरलंय का बघते."

पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणाला आम्ही देजिदकडे गेलो. पगमाने वाफेवरचे मोदकासारखे मांसाचे बूज पोटभर खाल्ले आणि मग सरळ विचारलं, "ती नोर्जमा आहे की गेली?"

देजिद दचकली. मग म्हणाली, "आहे ना! मला ठरलेल्या दिवशी फोन करते. आई गेली तेव्हा आली नाही, त्यावरून बापाने तिला नाही नाही ते ऐकवलं. तेव्हापासून त्याला फोन करत नाही. मला करते, बाबा कसे आहेत विचारते, आणि सांगू नकोस म्हणते."

"आणि तू सांगत नाहीस?"

"सांगायची गरजच काय? तिचा फोन यायचा असतो त्या दिवशी म्हातारा बरोबर माझ्याकडे घोडा शोधायला येतो. मी आत मोठ्याने बोलते, तो बाहेर गेरच्या नमद्याला कान लावून उभा राहतो. मी खुर्चीसुद्धा ठेवलीय तिथे."

परतीच्या वाटेवर पगमाने ट्रक शगदारच्या गेरपाशी थांबवायला लावला, एकटीच उतरून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. काय बोलणं झालं ते तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी "कुत्रं धरा!" अशी हाळी ऐकू आली. म्हातारा आत आला, डाव्या अंगाला बसला, वाटी दोन्ही हातांनी घेतली.

"खोर्लो," तो म्हणाला, "चहात मीठ कमी पडलंय."

माझं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

हिवाळा कडक गेला. आमच्या गावाकडच्यांचे अर्धे कळप गेले असं ऐकू येत होतं. आमच्या म्हाताऱ्या आणि दुबळ्या मेंढ्या तेवढ्या गेल्या. कोकरं झाली, हिम वितळलं, खालच्या गोबीवर पाऊस पडल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही गेर उतरवायला घेतलं. डेल मी घडी करून परत केला, तर शगदार म्हणाला, पेटीत पडून कसर लागेल, घेऊन जा. मी नेला.

निघायच्या आदल्या दिवशी पगमाने योंदोनला सांगितलं, कळपातल्या काही मेंढ्या म्हाताऱ्याकडे ठेव. लोकर त्याची, कोकरं अर्धी अर्धी. ठाण्यात जनावर असलं म्हणजे पुढच्या शरदात कुणाला खोटं बोलायला नको. योंदोनने मेंढ्या निवडून वाडग्यात आणल्या. म्हातारा आत शिरला, एकेकीला मानगुटीला धरलं, अंगठ्याने ओठ वर करून दात तपासू लागला. पाठीवरून हात फिरवून हाडं चाचपली. एकीच्या पोटाखाली वाकून आचळंही दाबून बघितली.

"हे काय चाललंय?" पगमा भिंतीवरून ओरडली. "आमच्यावर विश्वास नाही का?"

"नाही," शगदार म्हणाला, आणि पुढच्या मेंढीचं तोंड उघडलं.